मुरलेपणाची परीक्षा

माझे वडील दरबारी गवई. मी बोरगावात गाणे शिकवितो. परवा वर्गातल्या मुलांनी मला एकच ध्वनिमुद्रण दोनदा ऐकविले. एक तरुणपणचे, एक उतारवयातले, असे सांगून. मी ऐटीत दुसऱ्यातले मुरलेपण समजावून दिले! मुले हसली आणि मला लुई पाश्चर आठवले.

पाश्चर १८२२ साली फ्रान्समध्ये कातडी कमावणाऱ्याच्या घरी जन्मले आणि आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी वाढले. त्या देशातली उत्तम मद्येही साठवणीत नासत. १८६३ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याचे कारण शोधण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. नासण्यामागे सूक्ष्म जीव आहेत, आणि मद्य ५० ते ६० अंशांपर्यंत तापविल्यास ते टिकते, हे पाश्चर यांनी दाखविले. काचेच्या बंद नळ्यांत हवा न लागलेले तांबडे मद्य होते तसेच राहिले. हवा लागलेल्याचा रंग उतरला, तळाशी गाळ बसला. मद्य मुरते ते हवेच्या संथ स्पर्शाने, हे त्यांनी ओळखले.

तापविल्याने चव बिघडते काय, हे ठरविण्यास जाणकारांची समिती बसली. तिचे निर्णय पाहून पाश्चर यांना शंका आली. त्यांनी न सांगता एकाच मद्याचे दोन नमुने पुढे केले. जाणकारांना त्यांतही फरक लागला! खरे कळल्यावर तेही हसले.

त्याच काळात, १८६५-६६ मध्ये, वडील आणि दोन मुली पाश्चर यांनी गमावल्या. तरी १८६६ साली त्यांचा मद्यावरील ग्रंथ निघाला. १८९५ साली ते निवर्तले.

आता वर्गात गायकाचे नाव मी शेवटी सांगतो. आधी कान, मग नाव.