कुवेतचे शेख अब्दुल्ला अस-सालेम

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर ‘अल सबाह कोर्ट’ नावाची इमारत आहे, ती आपल्या पुष्कळ वाचकांना आठवत असेल. हे नाव कुवेतच्या राजघराण्याचे. त्याच घराण्यातील शेख अब्दुल्ला अस-सालेम यांची माहिती आम्ही या अंकी देत आहोत. स्वतःच्या सहीने स्वतःची सत्ता आखून घेणारे राज्यकर्ते जगात थोडेच.

शेखसाहेबांचा जन्म १८९५ सालचा. १९३८ साली कुवेतच्या व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून १४ सभासदांचे कायदेमंडळ निवडले गेले व त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मंडळाच्या अधिकारांच्या कायद्यावर तेव्हाच्या अमीरांनी सही केली होती. तरीही वर्ष संपण्यापूर्वीच त्यांनी ते मंडळ मोडले.

२५ फेब्रुवारी १९५० रोजी शेखसाहेब गादीवर आले. तेलाचा पैसा येऊ लागला होता. १९ जून १९६१ रोजी ब्रिटिशांचे संरक्षण संपले. त्यांनी घटना समितीची निवडणूक घेतली आणि ११ नोव्हेंबर १९६२ रोजी घटनेवर सही केली.

घटनेच्या ५० व्या कलमाने कायदे करणे, कारभार चालवणे व न्याय देणे या तीन सत्ता वेगळ्या केल्या. त्यांनी परस्पर सहकार्य करावे, पण कोणीही आपला अधिकार दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असे ठरले. निवडून आलेल्या ५० सभासदांच्या संमतीवाचून कायदा होणार नाही. अमीरांनी विधेयक परत पाठवले आणि सभेने ते दोनतृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केले, तर ते कायदा होईल. अमीर सभा बरखास्त करू शकतील, पण दोन महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागेल. पंतप्रधान मात्र अमीरांनीच नेमायचा.

या घटनेची कसोटी लवकरच लागली. मंत्र्याने व्यापार करू नये, असे घटनेत होते. १९६४ च्या अखेरीस व्यापारी मंत्र्यांवरून सभासद सभात्याग करू लागले. शेखसाहेबांनी सभा मोडली नाही. जानेवारी १९६५ मध्ये नवे मंत्रिमंडळ आले. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला ते निवर्तले.

घटनेत उणिवा होत्याच. स्त्रियांना मताचा हक्क २००५ साली मिळाला. विमानतळाजवळच्या जलीब अल शुयूख भागात दाटीने राहणाऱ्या परदेशी कामगारांना, ज्यांत आपले भारतीय पुष्कळ, तो नाही. पण १६६ व्या कलमाने न्यायालयात जाण्याचा हक्क सर्व माणसांना दिला आहे. पगार अडलेल्या मजुराला तोच आधार.

त्यांच्या पश्चात १९७६ व १९८६ साली सभा बरखास्त होऊन घटनेची काही कलमे स्थगित झाली. १० मे २०२४ रोजी पुन्हा तेच झाले, आणि या वेळी चार वर्षांपर्यंतची मुदत सांगण्यात आली. स्थगित कलमांत दोन महिन्यांत निवडणूक घेण्याचे कलमही होते.

एका राज्यकर्त्याने घातलेली मर्यादा पुढच्यांनी पाळली, तरच ती टिकते. शेखसाहेबांनी ती स्वतः पाळून दाखवली, म्हणून आम्हांस त्यांचे स्मरण करावेसे वाटले.