ल्युसी विल्स

ल्युसी विल्स (१० मे, १८८८ – १६ एप्रिल, १९६४) या ब्रिटिश वैद्यकीय संशोधक व रक्तविकारतज्ज्ञ होत्या. १९२८ ते १९३३ या काळात भारतात, मुख्यतः मुंबईच्या हाफकिन संस्थेत, काम करताना त्यांनी गरोदर स्त्रियांमधील एका गंभीर रक्तक्षयाचे कारण शोधले. हा आजार जंतुसंसर्गाने होत नसून आहारातील एका घटकाच्या अभावामुळे होतो आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्या वेळी अज्ञात असलेला हा घटक काही काळ विल्स घटक या नावाने ओळखला जात असे. पुढे तो फॉलिक आम्ल (फोलेट, ब जीवनसत्त्वांपैकी एक) म्हणून सिद्ध झाला. आज जगभर गरोदरपणात व गर्भधारणेपूर्वी दिल्या जाणाऱ्या फॉलिक आम्लाच्या गोळीचा उगम या संशोधनात आहे.

बालपण आणि शिक्षण

विल्स यांचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घराण्यात विज्ञानाची आवड होती. वडील विज्ञानाचे पदवीधर होते व वकिलीचा व्यवसाय करीत. आई बर्मिंगहॅममधील एका नामवंत डॉक्टरांची मुलगी होती. १९०३ मध्ये ल्युसी यांनी चेल्टनहॅम लेडीज कॉलेज या शाळेत प्रवेश घेतला. मुलींना गणित व विज्ञान शिकवणाऱ्या त्या काळातील मोजक्या ब्रिटिश शाळांपैकी ती एक होती. १९०७ मध्ये त्या केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनम महाविद्यालयात दाखल झाल्या आणि वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र हे विषय घेऊन १९११ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परीक्षा उत्तीर्ण होऊनही स्त्रियांना केंब्रिजची पदवी मिळत नसे. हा अधिकार त्यांना १९४८ मध्ये मिळाला.

१९११ मध्ये वडिलांचे आणि १९१३ मध्ये बहिणीचे निधन झाले. त्यानंतर विल्स यांनी श्रीलंका व दक्षिण आफ्रिका येथे प्रवास केला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे काही काळ त्यांनी परिचारिका म्हणून स्वेच्छेने काम केले. जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत वैद्यकीय शिक्षण सुरू केले. या संस्थेचा भारताशी निकटचा संबंध होता. कोकणातून मुंबईत आलेल्या मराठीभाषक बेने इस्रायली समाजातील आणि पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या डॉ. जेरुशा झिराड याही तेथेच शिकल्या. १९२० मध्ये विल्स यांना लंडन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाली.

पदवीनंतर खासगी व्यवसाय न करता त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील रासायनिक विकृतिशास्त्र विभागात संशोधन व अध्यापन सुरू केले. गरोदरपणातील चयापचय हा तेथील त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यामुळे पुढे भारतातील कामासाठी त्यांची निवड झाली.

मुंबईतील पार्श्वभूमी

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्यांची संख्या मोठी होती. अनेक जणी बाळंतपणाच्या आदल्या दिवसांपर्यंत कामावर असत. प्रसूतिकाळात वेतन मिळण्याची तरतूद नव्हती. या प्रश्नावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले गेले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. त्यातून १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा अस्तित्वात आला.

याच सुमारास मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी भारतीय संशोधन निधी संघटनेने (आजच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पूर्वसंस्था) हाती घेतली. दीर्घकाळ भारतात स्त्री-आरोग्याचे काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्स यांना या कामासाठी बोलावले. १९२८ च्या अखेरीस विल्स परळ येथील हाफकिन संस्थेत रुजू झाल्या. संस्थेच्या भोवती गिरणगाव पसरलेले होते.

त्यांच्यासमोर असलेल्या आजारात गरोदर स्त्रीच्या रक्तातील तांबड्या पेशींची संख्या फार घटत असे आणि उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा आकाराने मोठ्या दिसत. धाप, सूज, जुलाब व अतिशय अशक्तपणा ही लक्षणे गरोदरपणाच्या उत्तरार्धात वाढत आणि अनेकदा माता व बाळ दोघेही दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली हे रक्त पर्निशियस ॲनिमिया या युरोपात ज्ञात असलेल्या आजारासारखे दिसे. परंतु त्या आजारात आढळणारी मज्जासंस्थेची हानी या स्त्रियांमध्ये नव्हती आणि बहुतेकींच्या जठरात आम्लही तयार होत होते.

आहाराचा शोध

प्रारंभी जंतुसंसर्गाची शक्यता तपासण्यात आली, पण तसा पुरावा मिळाला नाही. त्यानंतर विल्स यांनी आपले लक्ष रुग्ण स्त्रियांच्या स्वयंपाकघराकडे वळवले. मेहता व तळपदे या मुंबईतील सहकाऱ्यांसोबत त्यांनी या आजाराचा अभ्यास केला. १९३० मध्ये तळपदे यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईतील वेगवेगळ्या थरांतील स्त्रियांचा आहार व राहणीमान यांची नोंद आहे. ज्या गरीब वस्त्यांतील स्त्रियांच्या जेवणात पालेभाज्या, फळे व दूध यांचे प्रमाण सर्वांत कमी होते, त्यांच्यातच हा रक्तक्षय अधिक होता. सुस्थितीतील स्त्रियांमध्ये तो क्वचित आढळे.

१९२९ मध्ये काही महिने विल्स यांनी निलगिरीतील कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत काम केले. आहारशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅककॅरिसन यांचे संशोधन तेथेच चालत असे. मुंबईतील गरीब स्त्रियांसारखा आहार उंदरांना दिला असता गाभण माद्यांना रक्तक्षय झाला आणि आहारात यीस्ट मिसळल्यास तो टळला. मात्र उंदरांमधील हा विकार काही अंशी उवांमार्फत पसरणाऱ्या बार्टोनेला जंतूमुळे होत असल्याचे पुढे लक्षात आले. म्हणून विल्स यांनी माकडांवर प्रयोग केले. मुंबईतील आहारावर ठेवलेल्या माकडांमध्ये मोठ्या पेशींचा रक्तक्षय दिसून आला व यीस्टच्या अर्काने तो बरा झाला.

रुग्ण स्त्रियांवर उपचार करताना त्यांनी मार्माइट हे बाजारात मिळणारे उत्पादन वापरले. मद्यनिर्मितीनंतर उरणाऱ्या यीस्टपासून ते तयार होते. १९२६ पासून पर्निशियस ॲनिमियावर यकृताचा उपचार प्रचलित झाला होता, पण यकृताचा अर्क महाग होता. मार्माइट स्वस्त होते. ते घेतल्यावर काही दिवसांतच स्त्रियांची भूक परत येई, रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागत आणि प्रकृती झपाट्याने सुधारे. हे निष्कर्ष जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी विल्स यांनी मद्रास येथेही रुग्णांवर काम केले.

विल्स घटक ते फॉलिक आम्ल

लंडनला परतल्यानंतर त्यांनी हा उपाय कसा काम करतो, याचा पाठपुरावा केला. यकृताचा कच्चा अर्क या रक्तक्षयावर गुणकारी ठरे. शुद्ध केलेला अर्क पर्निशियस ॲनिमियावर उपयोगी पडे, पण उष्ण कटिबंधातील या रक्तक्षयावर नाही. याचा अर्थ यकृतात किमान दोन वेगळे घटक असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी व सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये मांडला. १९३७-३८ मध्ये त्या पुन्हा हाफकिन संस्थेत कामासाठी आल्या.

१९४१ मध्ये अमेरिकेत सुमारे चार टन पालकापासून एक आम्ल वेगळे करण्यात आले. पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत भारतीय वंशाचे वैज्ञानिक यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने त्याची रासायनिक रचना निश्चित करून ते कृत्रिमरीत्या तयार केले. पर्निशियस ॲनिमियातील दुसरा घटक, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये वेगळा करण्यात आला.

फोलेट पेशींमध्ये डीएनए तयार होण्यासाठी आवश्यक असते. त्याचा तुटवडा पडला की अस्थिमज्जेतील पेशी वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत. म्हणून रक्तात मोठ्या आणि संख्येने कमी पेशी दिसतात. गर्भ, वार व मातेचे वाढते रक्त यांमुळे गरोदरपणात फोलेटची गरज वाढते. पालेभाज्या, कडधान्ये व यकृत हे त्याचे मुख्य स्रोत असून फार वेळ शिजवल्याने त्याचा बराचसा भाग नष्ट होतो.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धात विल्स रॉयल फ्री रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ म्हणून पूर्णवेळ काम करीत होत्या. जुलै १९४४ मध्ये रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडल्याने विभागाचे काम विस्कळीत झाले. युद्धकालीन शिधावाटप व नियमित लोह देणे यांचा गरोदर स्त्रियांच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो, हा त्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. रॉयल फ्री रुग्णालयातील रक्तविज्ञान विभागाची उभारणी त्यांनी केली होती.

निवृत्तीनंतर त्यांनी जमैका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथे पोषण व रक्तक्षय यांचा अभ्यास केला. अखेरची सुमारे दहा वर्षे त्या चेल्सी येथून मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. त्या अविवाहित राहिल्या. १६ एप्रिल, १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

गर्भाच्या वाढीशी संबंध

विल्स यांचे संशोधन मातेच्या रक्ताविषयी होते. फोलेटचा गर्भाच्या घडणीशी असलेला संबंध त्यांच्या मृत्यूनंतर स्पष्ट झाला. १९६५ मध्ये हिबर्ड व स्मिथेल्स यांनी मातेतील फोलेटच्या चयापचयातील बिघाड आणि बाळातील जन्मजात व्यंगे यांचा संबंध सुचवला. गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. ती नीट न मिटल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा कवटीत गंभीर व्यंग राहते. असे मूल आधी झालेल्या स्त्रियांवर ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत चाचणी घेतली. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिल्यास हा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असे १९९१ मध्ये जाहीर झाले.

अनुत्तरित प्रश्न

फॉलिक आम्ल ही नळी मिटण्यास नेमके कसे साहाय्य करते, हे अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. काही व्यंगे पुरेसे फोलेट मिळूनही का टळत नाहीत, हेही अज्ञात आहे.

दुसरा प्रश्न फोलेट व ब-१२ यांच्या समतोलाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये फोलेट जास्त व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध अधिक होता. हा संबंध कार्यकारणाचा आहे का आणि शाकाहाराचे प्रमाण मोठे असलेल्या समाजात फॉलिक आम्लासोबत ब-१२ द्यावे का, यावर संशोधन सुरू आहे.

तिसरा प्रश्न वेळेचा आहे. मुंबईतील झोपडवस्त्यांमध्ये सरस या प्रकल्पात स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाज्या, फळे व दूध असलेला खाऊ देण्यात आला. सर्व बाळांचा एकत्रित विचार करता जन्मवजनात लक्षणीय वाढ झाली नाही, मात्र गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण घटले. आहार कोणत्या मातेला, किती आधी व किती काळ द्यावा, याचे निश्चित उत्तर मिळालेले नाही.

पालघर जिल्ह्यातील संदर्भ

मुंबईच्या उत्तरेस असलेल्या पालघर जिल्ह्यात हे प्रश्न एकाच भूभागात एकत्र आढळतात. जव्हार, मोखाडा व विक्रमगड या आदिवासीबहुल तालुक्यांत मातांचे व बालकांचे कुपोषण ही जुनी समस्या आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे तिच्याकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. शेतीचा हंगाम संपल्यावर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व बांधकामांवर स्थलांतर करतात. त्यामुळे गरोदर स्त्रीची नोंदणी लांबते. गर्भाची नळी मिटण्याचा काळ नोंदणीपूर्वीच उलटून गेलेला असतो आणि फॉलिक आम्लाची गोळी त्यानंतर हाती पडते. आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल आजार रक्तक्षयाचे निदान अधिक गुंतागुंतीचे करतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने फोलेटची गरजही वाढते.

राज्य शासनाच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण दिले जाते. मातेच्या आजारावर तिच्या ताटातून उपाय करण्याचा हा मार्ग विल्स यांच्या निष्कर्षांशी सुसंगत आहे. बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रात कामगार स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न वेगळ्या रूपात पुढे येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली. हवा व पाण्यातील रसायने आणि अपुरा आहार यांचा गर्भावर होणारा एकत्रित परिणाम हा जगभरच तुलनेने कमी अभ्यासलेला विषय आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचे मोठे कारण लोहाची कमतरता मानले जाते. फोलेट, ब-१२, जंतुसंसर्ग व आनुवंशिक विकार यांचा त्यातील वाटा प्रदेशानुसार बदलतो.

स्मृती

विल्स यांचे नाव वैद्यकीय वर्तुळाबाहेर दीर्घकाळ फारसे परिचित नव्हते. १० मे, २०१९ रोजी, त्यांच्या १३१ व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध केले.