अण्णा भाऊ साठे
अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे झाला. त्यांना फारसे शिक्षण मिळाले नाही. पुढे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेत खाणकामगार भीमाचे काम सुटते. घरच्यांच्या पोटासाठी तो प्रेतांवरचे सोने शोधू लागतो. प्रथम आपल्याला किळस येते. पण त्याची गरज कळताच दया येते. आता याचे काय होईल, या काळजीने आपण पुढे वाचत राहतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू होते!

गरिबांचे दुःख अण्णा भाऊंनी स्वतः भोगले होते. म्हणूनच ते वाचकाच्या मनाला भिडते. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.