डॉ. सुंदरलाल होरा

नारायण पेठेच्या कडेनें वाहणारी मुठा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. पावसाळ्यांत तिच्या लोंढ्यापुढें मोठ्या माणसाचाही पाय टिकत नाहीं. मग घाटांतील खळाळत्या ओढ्यांत बोटभर मासा कसा टिकून राहतो? या प्रश्नाच्या शोधांत ज्यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें वेंचलीं, त्या डॉ. सुंदरलाल होरा यांचें चरित्र विद्यार्थ्यांस मननीय आहे.

होरा यांचा जन्म १८९६ सालीं पंजाबांत हाफिजाबाद येथें झाला. लाहोरास शिक्षण घेऊन १९१९ सालीं ते कलकत्त्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यांत दाखल झाले. खासी टेंकड्यांत व अन्यत्र डोंगरी ओढ्यांतील प्राण्यांची तुलना करितां त्यांस एक नवल दिसलें. एका माशाच्या खालच्या ओठामागें खडकास चिकटणारी चकती, दुसऱ्याच्या छातीवर त्याच कामाच्या कातडीच्या घड्या, एका बेडकाच्या पिलाच्या पोटावर चोषक, तर एका माशीच्या अळीस चोषकांची ओळच! मासा, बेडूक व माशी यांचें जवळचें नातें नाहीं. परंतु संकट एकच होतें. ज्यांची पकड घट्ट ते वांचले, त्यांचीच संतति वाढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या कुळांस सारखीं साधनें लाभलीं. त्यांचा यावरील प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीनें १९३० सालीं प्रसिद्ध केला.

पुण्याच्या माशांवरही त्यांनीं के. एस. मिश्र यांच्यासह १९४२ सालीं लेख लिहिला. आपल्या नद्यांतील मळ्या हा मासा अशीच चकती धारण करितो. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं त्याचें शास्त्रीय नांव मराठी नांवावरूनच ठेविलें.

दक्षिण सह्याद्रीचे कांहीं मासे आसाम-मलायाकडील माशांसारखे दिसतात. ते सातपुड्याच्या रांगेनें इकडे आले असावेत, असा होरा यांचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. परंतु सारखेपणा समान परिस्थितीनेंही येत असेल, तर तो नात्याचा पुरावा कसा मानावा? पुढील संशोधकांनीं हीच शंका घेतली. आतां आनुवंशिक द्रव्य तपासून नातें ठरवितां येतें. तरी तो वाद पुरता मिटलेला नाहीं.

१९४७ सालीं होरा त्या खात्याचे संचालक झाले व १९५५ च्या डिसेंबरांत निवर्तले. रूप सारखें म्हणून कूळ एक, असें घाईनें मानूं नये, हा धडा त्यांच्या शोधानें दिला. आणि तो त्यांच्याच सिद्धान्तास लावून पाहिला गेला, यांतच त्यांच्या कार्याचें थोरपण आहे.