डॉ. लूसी विल्स

कोल्हापूरच्या मंडईत तुम्ही आईबरोबर गेला असाल. तिथे पालक, मेथी, चाकवत यांच्या हिरव्यागार जुड्या पाहिल्या असतील. सरकारी योजनेतून शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळीही तुम्हांला माहीत असेल. त्या जुडीत आणि या गोळीत एक जीवनसत्त्व आहे. त्याचे नाव फॉलिक आम्ल. त्याचा माग प्रथम आपल्या मुंबईत लागला. तो लावला डॉ. लूसी विल्स यांनी.

लूसी विल्स यांचा जन्म 10 मे 1888 रोजी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिज येथे त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. 1911 साली त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पण तेथे स्त्रियांना तेव्हा पदवी देत नसत. लूसी खचल्या नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्यांनी दक्षिण आफ्रिकेत रुग्णांची शुश्रूषा केली. पुढे लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन 1920 साली त्या डॉक्टर झाल्या.

1928 साली त्या मुंबईला आल्या. तेव्हा गिरणगावात अनेक गर्भवती स्त्रिया एका भयंकर रक्तक्षयाने आजारी पडत. चेहरा पांढराफटक होई, चालताना धाप लागे. कित्येक माता बाळाचे तोंड पाहण्याआधीच दगावत. असे का होते? परळच्या हाफकिन संस्थेत लूसींनी शोध सुरू केला. हा रोग जंतूंमुळे होतो का, हे त्यांनी तपासले. तसा पुरावा मिळाला नाही. मग या स्त्रिया काय खातात, याची त्यांनी चौकशी केली. गरिबाघरच्या ताटात भाजीपाला, फळे आणि दूध फारच थोडे असे.

लूसींनी तसाच निकस आहार उंदरांना दिला. उंदीर आजारी पडले. पण त्यांच्या अंगावरील उवांमुळेही रोग पसरतो, असे आढळले. केलेले श्रम वाया गेले. तरीही लूसींनी धीर सोडला नाही. त्यांनी माकडांवर प्रयोग केले. एका आजारी माकडाला त्यांनी मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे यीस्टचा खारट, काळसर अर्क. काय आश्चर्य! माकड सुधारू लागले. मग तोच अर्क रुग्ण स्त्रियांना दिला. काही दिवसांतच त्यांचे रक्त वाढू लागले. हा अर्क स्वस्तही होता. 1931 साली लूसींनी हे संशोधन प्रसिद्ध केले.

अर्कातील गुणकारी पदार्थ कोणता, हे मात्र तेव्हा कळले नव्हते. 1941 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तो पालकाच्या पानांतून वेगळा केला. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात. त्यावरून फॉलिक आम्ल हे नाव पडले. 1945 साली ते प्रयोगशाळेत तयार झाले. त्या कामाचे नेतृत्व आपल्या आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी केले.

लूसी विल्स 1964 साली वारल्या. त्यांच्या शोधाचे आणखी एक फळ पुढे दिसले. गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांतच बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची घडण होते. तेव्हा आईला या जीवनसत्त्वाची उणीव असेल, तर बाळाच्या पाठीच्या कण्यात जन्मतः व्यंग राहू शकते. ज्यांना आधी असे बाळ झाले होते, अशा मातांचा सात देशांत अभ्यास झाला. फॉलिक आम्ल घेणाऱ्या मातांमध्ये हा धोका सुमारे 72 टक्क्यांनी कमी झाला, असे 1991 साली सिद्ध झाले. मातांना वाचवण्यासाठी लागलेला शोध असा बाळांच्याही कामी आला.

मुलांनो, पालेभाजी, मसूर, हरभरा आणि शेंगदाणे आवडीने खा. भाजी फार वेळ शिजवू नये, हे घरीही सांगा. ताटात मेथी दिसली की नाक मुरडू नका. त्या साध्या पानांचे मोल जगाला कळावे म्हणून एक परकी स्त्री आपल्या मुंबईत वर्षानुवर्षे राबली, हे आठवा.

शब्दार्थ
शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा
रक्तक्षय – शरीरातील रक्त कमी होणे
दगावणे – मरण पावणे
निकस – सत्त्व नसलेला
व्यंग – शरीरातील दोष

स्वाध्याय
1. लूसी विल्स यांना केंब्रिजची पदवी का मिळाली नाही?
2. उंदरांवरील श्रम वाया का गेले?
3. तुमच्या घरी कोणकोणत्या पालेभाज्या करतात? पाच नावे लिहा.