ईश्वर नाकारणारे पेरियार

देव्हाऱ्यातले देव काढले की आप्तेष्ट विचारतात, देवाचा धाक गेल्यावर माणूस नीतीने कसा वागेल? धम्म स्वीकारलेल्या प्रत्येक घराला हा प्रश्न ऐकावा लागतो. तमिळनाडूच्या ई. व्ही. रामस्वामी यांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या आयुष्याने दिले. जनता त्यांना आदराने पेरियार, म्हणजे थोर पुरुष, म्हणते.

१७ सप्टेंबर १८७९ रोजी इरोड येथे एका सधन, भाविक व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते काशीला गेले. तेथील अन्नछत्रात केवळ ब्राह्मणांना जेवण मिळे. भुकेल्या रामस्वामींना हाकलून देण्यात आले आणि उष्ट्या पत्रावळींवरचे अन्न खाण्याची पाळी आली. ते अन्नछत्र एका ब्राह्मणेतर व्यापाऱ्याच्या दानातून उभे होते. देवाच्या नगरीत दान एकाचे आणि मान दुसऱ्याचा, हे त्यांच्या मनात कायमचे रुतले.

१९२४ साली त्रावणकोर संस्थानातील वायकोम येथे, मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना व ईळवांना चालता यावे म्हणून सत्याग्रह झाला. पेरियार यांनी त्यात दोनदा कारावास भोगला. त्यांच्या पत्नी नागम्मै याही आंदोलनात उतरल्या. पुढे १९२५ साली त्यांनी काँग्रेस सोडली आणि स्वाभिमान चळवळीला वाहून घेतले.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. सर्व माणसे एकाच ईश्वराची लेकरे असतील, तर जन्मावरून उच्चनीच कोणी ठरविले? ईश्वराने ठरविले म्हणावे तर तो न्यायी नाही. माणसाने ठरविले म्हणावे तर ते मोडण्याचा अधिकारही माणसालाच आहे. म्हणून त्यांनी पुरोहिताविना, मंत्राविना, वधूवरांच्या परस्पर संमतीने विवाह लावण्याची प्रथा रुजविली. त्यात विधवांचे आणि आंतरजातीय विवाहही होत. १९६७ साली अण्णादुराई यांच्या सरकारने अशा विवाहांना कायद्याची मान्यता दिली.

१९५३ साली त्यांनी गणेशमूर्ती फोडल्या. त्याने अनेकांची मने दुखावली आणि भाविकांची मंदिरे काही ओस पडली नाहीत. परंतु स्वतः देव न मानणाऱ्या याच माणसाने, कोणत्याही जातीच्या माणसाला पुजारी होता यावे यासाठी अखेरपर्यंत लढा दिला. ज्यांची श्रद्धा आहे, त्यांच्याही अंगावर जातीचा डाग राहू नये, ही त्यामागची तळमळ होती. २४ डिसेंबर १९७३ रोजी ते निवर्तले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२१ साली, तमिळनाडू शासनाने निरनिराळ्या जातींतील प्रशिक्षित अर्चकांच्या नेमणुका केल्या.

१९५४ च्या डिसेंबरात रंगूनच्या बौद्ध परिषदेच्या वेळी पेरियार आणि पूज्य बाबासाहेब यांची भेट झाली. बाबासाहेबांनी त्यांना धर्मांतराविषयी सुचविले. पेरियार यांनी पुढे सांगितले की, हिंदू धर्मावर आतूनच टीका करता यावी म्हणून आपण तो मार्ग घेतला नाही. बाबासाहेबांच्या मते मात्र समाजाला नुसता नकार पुरत नाही, त्याला नीतीचे अधिष्ठान लागते. आणि ते ईश्वराविना धम्मात मिळते.

दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण कसोटी एकच होती: कोणत्याही विश्वासाने शेजारच्या माणसाला माणूस म्हणून उभे केले की खाली दाबले? आपल्या घरातून देव गेले असतील. जात, हुंडा आणि सुनेचा छळही गेला आहे का, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे. आप्तेष्टांच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहे.