मागे टाकलेली विद्या

मुंबईच्या सधन पारशी घरात १९०९ साली जन्मलेल्या होमी भाभांनी इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा जीव मात्र भौतिकशास्त्रात गुंतलेला! आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग, मग हवे ते शिक्षण, असा घरात तह झाला.

केंब्रिजला १९३० मध्ये भाभांनी शब्द पाळला आणि ते विश्वकिरणांच्या संशोधनात रमले. १९३९ मध्ये सुटीवर मायदेशी आले, तोच महायुद्ध पेटले. ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि १९५६ मध्ये ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ अणुभट्टी उभारताना मागे टाकलेली ती विद्याच कामी आली.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभा गेले. तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज तयार होऊ लागली. ती पाहायला मात्र ते नव्हते.